हार्ड डिस्कचे एन्क्लोजर: डबी बघून घ्यायचे की आतला बोर्ड बघून?

गोलतबकडी

चार वर्षे बाहेरून जोडून वापरलेली माझी ४ टीबीची डिस्क गेल्या आठवड्यात 'फॉरमॅट करायची का?' असे विचारू लागली. डिस्क ठणठणीत होती. गेला होता तो केसिंगमधला, म्हणजे डिस्क ज्या एन्क्लोजरच्या डबीत बसवतात तिच्यातला, बोर्ड. अडॅप्टरचा दिवा लागायचा, पण डिस्क फिरायची नाही. म्हणून ती काढून नव्या केसिंगमध्ये बसवली. लगेच फिरली, आवाज नेहमीचाच, आणि पडद्यावर हा प्रश्न. 'होय' म्हणण्याआधी डिस्क मॅनेजमेंट उघडले म्हणून वाचलो. ३७२६ जीबीच्या डिस्कवर ४६५ जीबीचे एकच पार्टिशन (विभाग) दिसत होते आणि त्यापुढे लिहिले होते 'रॉ', म्हणजे आतली मांडणी ओळखता येत नाही.

३७२६ ला ८ ने भागून बघा, गोम तिथेच आहे. डिस्क स्वतःची जागा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यांत, मोजून सांगते. एमबीआर या पार्टिशनची नोंद ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, त्यामुळे २.२ टीबीला आकडे संपतात. त्यावर तोडगा म्हणून काही केसिंगचे बोर्ड आठ सेक्टरांची मोट बांधतात आणि संगणकाला '४०९६ बाइटचा एक सेक्टर' असे सांगतात. माझा तक्ता त्या मापाने लिहिला गेला होता. नवा बोर्ड ५१२ ने मोजतो, म्हणून पार्टिशनची सुरुवातही चुकली आणि लांबीही. शेवटी त्याच चिपचे एक जुने केसिंग मित्राकडे मिळाले. त्यात डिस्क घातली तर सगळ्या फायली जागच्या जागी.

म्हणून माझे मत ठाम झाले आहे. आपण एन्क्लोजर घेताना रंग, धातू, जाडी बघतो. बघायला हवा तो आतला ब्रिज बोर्ड, म्हणजे डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारा बोर्ड, आणि त्याला मिळणारी वीज. कोणती चिप आहे हे विक्रेता सांगत असेल तरच घ्यावे. ती यूएएसपी (यूएसबीवरून डिस्कशी बोलायची जलद पद्धत) चालवते का, डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) संगणकापर्यंत पोहोचू देते का, आणि सेक्टर आहे तसा दाखवते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. डबी प्लास्टिकची असली तरी चालेल.

आता मला ही ४ टीबीची ३.५ इंची आणि बंद पडलेल्या लॅपटॉपमधली १ टीबीची २.५ इंची, अशा दोन डिस्कसाठी केसिंग घ्यायची आहेत. वेगळे मत असेल तर जरूर मांडा.

उघडी_हवा

बोर्डाबद्दल बोललात ते पटले, 'डबी प्लास्टिकची असली तरी चालेल' हे अजिबात पटले नाही. ३.५ इंची डिस्क बंद प्लास्टिकच्या डबीत घालून मी दोन तास सलग कॉपी केली, तेव्हा तापमान ५६ अंशांवर गेले. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० असते. तीच डिस्क उघड्या डॉकमध्ये (डिस्क खोचायची खाच असलेल्या स्टँडमध्ये) उभी केली तर ४१ च्या वर गेली नाही. खोली तीच, फायली त्याच.

माझ्या मते ३.५ इंचीसाठी एन्क्लोजर घेऊच नये. डॉक घ्यावा. डिस्क वरून खोचली की काम सुरू. स्क्रू नाहीत, आणि उद्या दुसरी डिस्क आली तर तीही त्याच खाचेत बसते.

सोल्डर

मी दुरुस्तीच्या कामात आहे, तेवढ्यापुरते लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या 'मेलेल्या' बाहेरच्या डिस्कमध्ये मला वारंवार दिसतो तो विजेचा घोळ.

३.५ इंची डिस्कला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. यूएसबीतून फक्त ५ मिळतात, म्हणून तिला अडॅप्टर हवाच. फिरायला लागताना पहिले काही सेकंद १२ व्होल्टच्या बाजूला ती २ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. केसिंगसोबत १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर आला असेल तर डिस्क फिरायला जाते, दमते, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. लोकांना वाटते डिस्क गेली.

२.५ इंची डिस्क ५ व्होल्टवरच चालते. तिच्या लेबलवर बारीक अक्षरांत '५ व्होल्ट, ०.८५ अँपिअर' किंवा '१ अँपिअर' असे छापलेले असते. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, ३.० ने ९००, हे ठरलेले आहे. टॉवरच्या पुढच्या पोर्टला लांब, पातळ केबल लावली की तेवढेही पोहोचत नाहीत आणि टक् टक् सुरू होते. आखूड केबल आणि मागचा पोर्ट, एवढ्यावर कितीतरी डिस्क 'जिवंत' झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि कळकळीची विनंती. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन कधी कधी केसिंगच्या भोकात बरोब्बर बसते. बसते म्हणून लावू नका. केसिंग आणि अडॅप्टर दोघांवर एकाच रंगाचा टेप चिकटवून ठेवा.

नवशिकी

माझ्या लॅपटॉपमधून निघालेली डिस्क २.५ इंची आहे, पण मागवलेल्या केसिंगमध्ये ती जाडीने मावतच नाही. असे कसे?

सोल्डर

२.५ हे रुंदीचे माप म्हणा. जाडी ७, ९.५, १२.५ आणि १५ मिमी अशी वेगवेगळी असते. बरीचशी केसिंग ९.५ पर्यंतच घेतात. मोठ्या क्षमतेच्या २.५ इंची डिस्क बहुधा १५ मिमीच्या निघतात. पट्टीने मोजा आणि मगच मागवा. कनेक्टरही बघा. साटा असेल तर शेजारी शेजारी दोन चपट्या जिभा दिसतील, फार जुनी आयडीई असेल तर पिनांच्या दोन रांगा. दोन्हींची केसिंग वेगळी.

सरळवाट

हा सगळा खटाटोप वाचून मला प्रश्न पडतो, की सामान्य माणसाने यात का पडावे? तयार बाहेरची डिस्क घ्या. डिस्क, बोर्ड, डबी, केबल हे सगळे एकाच कंपनीने एकत्र तपासलेले, वॉरंटी एक. माझ्या आईला सेक्टर ५१२ चा की ४०९६ चा हे कळायची गरज नाही आणि नसावी. धागाकर्त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो सुटे भाग जुळवण्यातूनच आला ना?

गोलतबकडी

सरळवाट, आईचा मुद्दा मान्य. पण तयार डिस्कमध्येही बोर्ड असतोच, फक्त तो तुमच्या नजरेआड असतो. अनेक तयार २.५ इंची डिस्कमध्ये साटा कनेक्टरच नसतो. यूएसबीचे सॉकेट थेट डिस्कच्या मुख्य बोर्डावर जोडलेले असते. ते सॉकेट सैल झाले की डिस्क काढून दुसरीकडे लावायची सोयच उरत नाही. काही मॉडेलमध्ये बोर्ड प्रत्येक सेक्टर कूटबद्ध करून लिहितो, तुम्ही पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तिथे बोर्ड गेला तर डिस्क साटाला लावूनही हाती नुसता कचरा लागतो. वॉरंटीत नवी डिस्क मिळेल, आतले फोटो मिळणार नाहीत.

सुट्या केसिंगमध्ये बोर्ड गेला तर बोर्ड बदलता येतो. मला एवढेच स्वातंत्र्य हवे आहे.

सरळवाट

सॉकेट थेट बोर्डावर असते हे माहीत नव्हते. तरीही सांगतो, ज्याची दुसरी प्रत आहे त्याला बोर्डाची काळजी नको, आणि ज्याची नाही त्याला कोणतेच केसिंग वाचवणार नाही. सुट्या केसिंगच्या भरात लोक जुन्या डिस्क वापरत राहतात, हा धोका मला मोठा वाटतो.

दुसरी_प्रत

सरळवाट यांच्या शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहायला बसले. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून निघालेली डिस्क केसिंगमध्ये घालून तिला 'बॅकअप' म्हणायचे, ही सवय मला भीतीदायक वाटते. तिने आधीच अनेक वर्षे काम केलेले असते. केसिंग घ्या, पण एकदाच, मजकूर बाहेर काढण्यासाठी. नंतर तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका.

आणि लावल्या लावल्या स्मार्ट माहिती बघा. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर. १९७ चा आकडा शून्याच्या वर असेल तर स्कॅन, डीफ्रॅग काही करू नका. सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी कॉपी करा. माझ्या भावाने आधी 'डिस्क दुरुस्त' करायला घेतली. रात्रभर ती चालू राहिली आणि सकाळी दिसेनाशी झाली. लग्नाचे फोटो त्यातच होते.

गोलतबकडी, बोर्डाचा इतका आग्रह धरताय, मग डिस्कच्या वयाचे काय?

उघडी_हवा

ताईंशी शंभर टक्के सहमत. एकदाच मजकूर काढायचा असेल तर मग डॉकच, डबी कशाला?

तबला_आणि_टेप

डॉकबद्दल एक कडू अनुभव. दोन खाचांच्या डॉकवर संगणकाशिवाय प्रत काढायचे बटण असते. मूळ डिस्क कुठल्या खाचेत ठेवायची हे खालच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मी उलट ठेवल्या. भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क उतरली. वीस वर्षांच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण होते. डॉक घ्या, पण एक खाचेचा घ्या. दोन खाचांचा असेल तर ते बटण चिकटपट्टीने झाका.

शिवाय डॉकमध्ये डिस्क उभी असते आणि फिरत असते. टेबलाला हिसका बसला, केबल पायात आली की ती कलंडते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर उघडी डिस्क नको.

चौकट

उष्णतेची भीती थोडी जास्त होते आहे. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध लोक समजतात तितका घट्ट निघाला नाही. फार वरच्या तापमानात आणि जुन्या डिस्कमध्येच तो जाणवला.

वेगाबद्दलही सांगतो. १० गिगाबिटच्या केसिंगसाठी जास्त पैसे मोजू नका. फिरणारी डिस्कच सेकंदाला १०० ते २५० एमबी देते, ५ गिगाबिटमध्ये ती आरामात मावते. ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच ५ गिगाबिटची तीन नावे आहेत, आणि टाइप-सी सॉकेट आहे म्हणून वेग जास्त असेल असेही नाही. पण यूएसबी २.० मात्र टाळा. तिथे ३५ एमबीने ४ टीबी काढायला ३१ तासांहून जास्त लागतील, १५० एमबीने साडेसात तासांच्या आत.

उघडी_हवा

चौकट, त्या अभ्यासातल्या डिस्क हवा खेळत्या डेटा सेंटरमधल्या होत्या. 'फार वरचे तापमान आणि जुनी डिस्क' हा अपवाद तुम्हीच सांगितलात, आणि बंद प्लास्टिकच्या डबीतली जुनी ४ टीबी नेमकी त्याच अपवादात बसते.

चौकट

हो, इथे तुमचे बरोबर आहे. सलग कॉपी करताना ५५ च्या वर जात असेल तर मीही पंखा लावेन.

गोलतबकडी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. 'प्लास्टिक चालेल' हे वाक्य ३.५ इंचीपुरते मागे घेतो. माझ्या जुन्या केसिंगचे तापमान मी कधी पाहिलेच नव्हते, कारण तो बोर्ड स्मार्ट माहिती पुढे जाऊच देत नव्हता. म्हणजे बोर्डाच्या दोषामुळेच मला उष्णतेचा दोष दिसला नाही.

डॉक मात्र घेत नाही. ही डिस्क महिन्यातून दोनदा कपाटातून काढून लावायची आहे, तिला अंगावर काहीतरी हवे. ४ टीबीसाठी आडवे बसणारे, पंखा असलेले ॲल्युमिनियमचे केसिंग आणि १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर. १ टीबीसाठी साधे ९.५ मिमीचे, आखूड केबलचे. विक्रेत्याने दोन्हींच्या चिपचा क्रमांक लिहून दिला आहे.

भरलेली डिस्क लगेच बसवणार नाही. आधी एक रिकामी डिस्क नव्या केसिंगमध्ये घालून जीपीटी (एमबीआरनंतरचा नवा तक्ता) पार्टिशन करेन, चार-पाच फायली टाकेन. मग ती काढून थेट मदरबोर्डच्या साटाला लावेन. फायली तिथेही उघडल्या आणि आकार तोच दिसला, तर बोर्ड खरे बोलतो.

सोल्डर

ही चाचणी उत्तम. पंख्याचा आवाज पहिल्याच दिवशी ऐकून ठेवा. स्वस्त पंख्याचे बेअरिंग लवकर कुरकुरते आणि मग लोक पंख्याची वायर काढून टाकतात.

दुसरी_प्रत

सगळे छान, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. लॅपटॉपच्या डिस्कचे आजवर चालल्याचे तास किती झालेत?

गोलतबकडी

ताई, आत्ता लावून पाहिली. ३१,४०० तास. ०५ मध्ये १६, १९७ मध्ये २. लॅपटॉपवर असताना कधी बघितलेच नव्हते. फोटोंचे फोल्डर आधी घेतले आहे, कॉपी चालू आहे, ४२ अंश. तिच्यासाठी घेतलेले केसिंग आता नव्या डिस्कला वापरेन.

दुसरी_प्रत

कॉपी होईपर्यंत टेबलाला हात लावू नका. झाली की इथे कळवा.