एप्रिलला चाललेली गोळी जुलैत डोक्यात का गेली?

बागायतदार_तासगाव :

नमस्कार. वय ५४, तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग. टोपणनावानं लिहितोय, कारण आमच्या गावातल्या मेडिकलवाल्या पोराचा बाप माझ्या वर्गात होता. त्याच्या काउंटरवर हे विचारलं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या कट्ट्यावर विषय निघेल.

दोन-अडीच वर्षं झाली, ताठरता टिकत नाही. इच्छा आहे, घरात भांडण नाही, पण मोटर चालू असून पाणी उचलत नाही, अशी गत. आधी वाटलं बेदाण्याचा दर, कर्जाचा हप्ता, त्याचा ताण असेल. पण ज्या वर्षी दर बरा मिळाला त्या वर्षीही तेच.

मार्चमध्ये फवारणीची औषधं आणायला सांगलीला गेलो होतो. तिथं लांबच्या एका मेडिकलमधून, तोंडाला रुमाल बांधून, ताठरतेची गोळी, सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅमची चार गोळ्यांची पट्टी घेतली. त्यानं चिठ्ठी मागितली नाही, माझ्याकडे नव्हतीच.

आता घोळ ऐका. एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी उरकली त्या आठवड्यात पहिली गोळी घेतली. संध्याकाळी भाकरी-आमटी खाल्ली होती, दोन तासांनी गोळी. छान काम झालं. थोडं तोंड तापल्यासारखं झालं, बाकी काही नाही. दुसरी मे महिन्यात, गावजत्रेच्या रात्री. मटणावर ताव मारला, लगेच गोळी घेतली आणि वाट बघत बसलो. दीड तास काही नाही. मंडळी झोपून गेल्या. मीही झोपलो. तिसरी आता जुलैत. तीच पट्टी, तीच पन्नासची. डोकं असं ठणकलं की देवाचं नाव घेतलं. नाक चोंदलं, कानशिलं लाल, ट्यूबलाइटकडे बघितलं तर उजेड निळसर. उठून उभा राहिलो तर चक्कर. काम झालं की नाही हे विचारूच नका, मी रात्रभर कपाळाला बाम लावून बसलो.

माझ्या मित्राचं म्हणणं, ही कंपनी बोगस, तू माझी घे. त्यानं शंभरची पट्टी दिली आहे, म्हणाला अर्धी करू नको, अख्खी टाक. दुसऱ्या एकानं त्याच कामाची दुसरी गोळी, टाडालाफिल २० दिली, म्हणाला ही दोन दिवस चालते. दोन्ही ड्रॉवरमध्ये फवारणीच्या वहीखाली पडून आहेत.

चालू औषधं : साखरेची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड दोन वेळा, ९ वर्षं. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली, ४ वर्षं. पावसात ब्लोअरमागं भिजून जांघेत गजकर्ण झालंय, त्याचं कॅप्सूल जूनपासून चालू. तंबाखू सोडली, मशेरी सुटत नाही. रात्री तीन वेळा लघवीला उठतो.

विचारायचं एवढंच : पन्नास, शंभर की वीस, यातली चांगली कुठली?


पोवई_नाका_६१ :

बागायतदार भाऊ, मी एसटीचा निवृत्त चालक, साताऱ्यात असतो. मी दोन्ही गोळ्या खाल्ल्यात, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, म्हणून अनुभव सांगतो.

डॉक्टरांनी गोळीचं नाव काढायच्या आधी मला विचारलं, दोन जिने न थांबता चढता का? म्हटलं साहेब, रोज सकाळी अजिंक्यतारा चढतो. तरी त्यांनी ईसीजी काढला आणि पट्ट्यावर पळवलं. मला राग आला, म्हटलं मी कशासाठी आलोय आणि हे छाती तपासतायत. तेव्हा त्यांनी समजावलं की तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. चरबी साठायला लागली की आधी तिथं कळतं, छातीत दुखायला पुढं काही वर्षं जातात. आपली गाडी आधी हेडलाइट मंद करून सांगते, इंजिन नंतर. माझं इंजिन ठीक निघालं.

मग टाडालाफिल घेतली. तिला जेवणाचं काही पडलेलं नाही, मटण खा, श्रीखंड खा. असर दीड दिवस राहतो. शनिवारी रात्री घेतली तर रविवारी संध्याकाळीही चालतं. याचा अर्थ ३६ तास ताठ राहतं असा नाही हो, इच्छा झाली तरच. आमच्या डेपोतल्या एकाला असं वाटलं होतं की लग्नाला जाता येणार नाही.

पण माझी कंबर धरली. दुसऱ्या दिवशी अशी दुखली की तीस वर्षं घाटात स्टेअरिंग ओढताना दुखली नव्हती. मांड्याही. एक-दोन दिवसांत आपोआप थांबली, पुढच्या वेळी परत तेच. म्हणून मी पुन्हा सिल्डेनाफिलवर आलो. चार-पाच तासांचा खेळ, हलकं जेवण, विषय संपला. माझ्या साडूला उलट, त्याला सिल्डेनाफिलनं डोकं धरतं आणि टाडालाफिल मानवते. तेव्हा चांगली कुठली, याचं उत्तर तुमच्या अंगाला विचारा.

जुलैत काय झालं ते मात्र मला कळलं नाही. कंपनी बोगस असेल तर एप्रिलला कशी चालली?


जडीबुटी_केंद्र :

भाऊ कशाला इंग्रजी गोळ्या. शंभर टक्के आयुर्वेदिक चूर्ण, साइड इफेक्ट शून्य, अर्ध्या तासात असर. मेसेज करा.


मिरज_औषधवाला :

जडीबुटीवाल्यांना आधी उत्तर देतो. अर्ध्या तासात असर करणारं चूर्ण मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. पाहिलं ते असं, की चूर्णात सिल्डेनाफिलच मिसळलेलं असतं. अशी भेसळ अनेक देशांच्या औषध प्रशासनांनी वारंवार पकडली आहे. गोळीवर निदान पन्नास की शंभर हे छापलेलं असतं. चूर्णाच्या चमच्यात किती गेलं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता अण्णा, तुमच्याकडे. मी मिरजेत काउंटरवर उभा असतो, डॉक्टर नाही. पण तुमचा जुलैचा घोळ मला वाचता वाचता कळला. ते गजकर्णाचं कॅप्सूल. पाकीट काढून बघा, इट्राकोनाझोल असं लिहिलंय का?


बागायतदार_तासगाव :

आहे. इट्राकोनाझोल. पण ते तर कातडीचं औषध?


मिरज_औषधवाला :

खातो ते पोटात जातं अण्णा, कातडीवर नंतर. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल दोन्ही यकृतातल्या एकाच वाटेनं मोडतात. इट्राकोनाझोल ती वाटच अडवतं. मग पन्नासची गोळी रक्तात साचत जाते, पन्नास घेऊन त्याहून बरीच जास्त घेतल्यासारखं होतं. म्हणून डोकं, नाक, निळा उजेड, चक्कर सगळं एकदम. निळं दिसणं हे सिल्डेनाफिलचं खास लक्षण, ती ज्या एन्झाइमवर काम करते, त्याच्या डोळ्याच्या पडद्यातल्या भावंडालाही थोडी छेडते. कंपनी बोगस नव्हती, उलट गोळी अस्सल होती. ते कॅप्सूल बंद केल्यावरही त्याचा अंमल लगेच जात नाही, काही दिवस रेंगाळतो. तोपर्यंत स्वतःच्या मनानं काहीही घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिकंही हेच करतात.

जत्रेच्या रात्रीचं कोडं सोपं आहे. तेलकट जेवणावर सिल्डेनाफिल घेतली की ती साधारण एक तास उशिरा चढते आणि रक्तातली कमाल पातळीही कमी भरते. तुम्ही दीड तास थांबून झोपलात. गोळी कदाचित तुमच्यानंतर जागी झाली.

मित्राची शंभरची पट्टी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सिल्डेनाफिलच्या पुढं डॅपॉक्सेटिन लिहिलेलं असलं तर ती दोन औषधांची गोळी आहे. डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावरचं, तुमची ती तक्रारच नाही. त्यानं भोवळ येऊन माणूस पडू शकतो, आणि इट्राकोनाझोलसोबत तर ते चालतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलं. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी, सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीन, तुम्हाला कुणी दिली आहे का? खिशात, पाकिटात, गाडीच्या डिकीत? निकोरँडिल? यातलं एकही चालू असेल तर पन्नास, शंभर, वीस, पाच, काहीही नाही. दोन्ही मिळून रक्तदाब असा कोसळतो की माणूस हाताशी लागत नाही. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखलंच तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलायचं : मी अमुक गोळी अमुक वाजता घेतली. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास ते नायट्रेट, म्हणजे हीच जिभेखालच्या गोळीची जात, देत नाहीत. लाजून गप्प बसलात तर देतील. ताठरता चार तासांवर उतरलीच नाही तरी तसंच, रात्र असो की लग्नघर, उठून दवाखाना.

रात्री तीनदा उठता, त्यासाठी टॅमसुलोसिन वगैरे प्रोस्टेटची गोळी कुणी सुरू केली तर तीही सांगा. तिच्यासोबत या गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येते, डोस बघून द्यावा लागतो. साखर वाढली तरी लघवी वाढते, तेव्हा आधी तीन महिन्यांची सरासरी काढा. आणि डॉक्टरांना क्लोरथॅलिडोनबद्दल विचारा. त्या जातीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींची ताठरता कमी होते. बदलायची की नाही ते ते ठरवतील, तुम्ही उद्यापासून बंद करू नका.


बागायतदार_तासगाव :

जिभेखालची गोळी नाही. मित्राच्या पट्टीवर चष्मा लावून वाचलं, डॅपॉक्सेटिन आहे. ती त्याच्या घरी परत दिली. तो म्हणतो मी चार महिने खातोय, मला काही झालं नाही. त्याला इथला धागा पाठवलाय.


वहिनी_विटा :

पुरुषांच्या गप्पांत बोलते, राग मानू नका. दादा, तुम्ही मित्राला सांगितलंत, दुसऱ्या मित्राला सांगितलंत, मेडिकलवाल्यापुढं रुमाल बांधून गेलात. वहिनींना सांगितलंत का? आमच्या यांनी वर्षभर लपवून गोळ्या खाल्ल्या. मी समजत होते यांचं मन दुसरीकडे लागलंय. कपाटात पट्टी सापडली तेव्हा तर माझी खात्रीच झाली. तो एक महिना कसा गेला ते माझं मला माहीत. आणि गोळी घेऊन तासभर घड्याळ बघत बसलेला माणूस बायकोला लांबून कळतो. काय चाललंय ते तेवढं कळत नाही.


पोवई_नाका_६१ :

ताईंचं बरोबर. माझ्या घरी गोळीची वेळ आता हीच ठरवते.


बागायतदार_तासगाव :

तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं. मंडळींना सांगितलं. भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, मला वाटलं माझाच कंटाळा आलाय. मग दोघं मिळून मिरजेला एका फिजिशियनकडे गेलो. चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत नेली होती, डॉक्टरांनी टेबलावर ओतून एकेक वाचलं. गजकर्णाचं कॅप्सूल वर ठेवून म्हणाले, हे संपल्याशिवाय मी काही देणार नाही. ईसीजी ठीक आला. साखरेची सरासरी ८.९ निघाली, त्यावरून मात्र बोलणी खाल्ली. रक्तदाबाची गोळी बदलली. सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन तपासलं, ते ठीक आहे. मशेरीवर बोलले नाहीत, मंडळींनीच विषय काढून दिला.

मी विचारलं, सिल्डेनाफिल की टाडालाफिल? त्यांनी उलट विचारलं, तुमची रात्र कशी असते? म्हटलं, रानातल्या मोटरीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची आली की दहाला रानात जायचं, कधी परतायचं ठाऊक नाही. पुढं गोडी छाटणी झाली की पहाटे फवारणी. ते म्हणाले, मग तासभर आधी घ्यायची गोळी तुमच्या कामाची नाही, तुम्ही ठरवणार आणि लाइट येणार. कॅप्सूल संपून मध्ये काही दिवस गेले की टाडालाफिल ५, रोज एक, आणि लघवीच्या त्रासालाही तीच थोडी मदत करते. रोजची गोळी अंगात मुरायला चार-पाच दिवस लागतात, पहिल्या रात्री निकाल मागू नका म्हणाले.

ड्रॉवरमधली वीसची पट्टी त्यांनीच ठेवून घेतली. विचारायचं राहिलं ते एक : ही पाचची जेवणाआधी घ्यायची की नंतर?


मिरज_औषधवाला :

हिला जेवणाची भानगड नाही. कधीही घ्या, पण रोज त्याच वेळी.


बागायतदार_तासगाव :

मग सकाळी साखरेच्या गोळीबरोबर. डबीत सोमवारपासूनचे खण मंडळी भरतात, त्यांनाच दिली पट्टी.