इन्सॉल्व्हन्सी नोटीस रद्द करायची आहे : मुदत, अपील आणि चुकीची रक्कम

प्रश्न (नवा_काळाकोट): पक्षकार मुंबईत धंदा करतात. मालाच्या बिलांवरून शहर दिवाणी न्यायालयात समरी दावा (संक्षिप्त पद्धतीचा वसुली दावा) झाला. लीव्ह टू डिफेन्ड, म्हणजे बचाव मांडण्याची परवानगी, नाकारून पैशाची डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) झाली. आता डिक्रीदाराने दरखास्त (डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज) न लावता हायकोर्टाच्या इन्सॉल्व्हन्सी रजिस्ट्रारकडून प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, १९०९ खाली इन्सॉल्व्हन्सी नोटीस काढली आहे, म्हणजे मुदतीत पैसे द्या किंवा तारण द्या, नाहीतर नादारीची कार्यवाही. ती १२ जूनला बजावली गेली. डिक्रीनंतर आरटीजीएसने भरलेले ९ लाख त्यात वजाच केलेले नाहीत. फर्स्ट अपील दाखल आहे, स्टे (स्थगिती) अजून नाही. शिवाय माल खराब होता म्हणून आमचाच उलटा दावा निघतो. यातले काय टिकेल?

फोर्ट_ओरिजिनल_साइड: आधी तारीख मांडा. कलम ९(३) प्रमाणे बजावणीपासून किमान एक महिना द्यावा लागतो, आणि महिना म्हणजे कॅलेंडर महिना, ३० दिवस नव्हे. नोटिशीत जास्त मुदत नसेल तर १२ जुलै धरून चाला. मुदतीत अर्ज केला आणि तो नंतर फेटाळला, तर फेटाळल्याची तारीख किंवा मुदत संपल्याची तारीख, यातली जी नंतरची त्या दिवशी नादारीचे कृत्य (ज्याच्या आधारे नादार ठरवण्याची मागणी करता येते) घडले असे धरतात. अर्जच केला नाही तर मुदत संपताच ते घडते आणि पुढच्या तीन महिन्यांत धनको (इथे डिक्रीदार) नादार ठरवण्याचे पिटिशन टाकू शकतो.

इथे कागद दोन लागतात आणि निम्मे लोक त्यांची गल्लत करतात. रक्कम फुगवली आहे, ही तक्रार ९(४) ची. ती कोर्टात नव्हे, धनकोला लेखी कळवायची, तीही मुदतीच्या आत. कळवले नाही तर केवळ रक्कम जास्त आहे म्हणून नोटीस बाद होत नाही. मग खरी देणे रक्कम मुदतीत भरणे किंवा तेवढ्याला तारण देणे एवढाच मार्ग उरतो. रद्द करण्याचा अर्ज ९(५) खाली, तो कोर्टात. नुसता अर्ज टाकून त्यात रकमेचा एक परिच्छेद घातला की ९(४) झाले, असे समजू नका.

हिशेबनीस: ते ९ लाख जपून मांडा. डिक्रीत वेगळे काही नसेल तर डिक्रीनंतरचा भरणा आधी खर्च आणि व्याजात जिरतो, मग मुद्दलात. तुम्ही मुद्दलातून वजा करून पत्र पाठवाल आणि समोरचा हिशेब बरोबर निघेल. डिक्रीचा व्याजदर, कुठल्या तारखेपासून, सरळ की चक्रवाढ, भरण्याच्या दिवशी किती व्याज थकले होते, असा तक्ता करा आणि शेवटी खरी देणे रक्कम लिहा. रक्कम लिहाच असे कलम म्हणत नाही, पण नुसते ‘रक्कम मान्य नाही’ असे पत्र फार कच्चे पडते. पत्र वकिलाला द्याच, पण धनकोच्या नावानेही स्पीड पोस्टाने पाठवा आणि हातोहात देऊन पोच घ्या.

दुसरे म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर २१ रूल २. कोर्टाबाहेर दिलेले पैसे नोंदवून घेतले नाहीत तर दरखास्तीचे कोर्ट ते धरत नाही, आणि ती नोंद करून घेण्याच्या ऋणकोच्या (देणेदाराच्या) अर्जाला मुदत पैसे भरल्यापासून ३० दिवस. इन्सॉल्व्हन्सी कोर्ट दरखास्तीचे कोर्ट नाही हा युक्तिवाद आहेच, तरी मुदत शिल्लक असेल तर आजच अर्ज टाका.

फोर्ट_ओरिजिनल_साइड: अपीलबद्दल. कलम ९(२) मध्ये दोन अटी आहेत : डिक्री अंतिम झालेली हवी आणि तिच्या अंमलबजावणीला स्थगिती नसावी. अपील प्रलंबित असताना ती अंतिम नाही, हा मुद्दा अर्जात सर्वात वर घ्या. पण त्याच्यावरच विसंबून राहू नका. त्याच संहितेच्या ऑर्डर ४१ रूल ५ प्रमाणे नुसत्या अपिलाने स्थगिती मिळत नाही आणि पैशाच्या डिक्रीत कोर्ट रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगणारच. पक्षकाराला आत्ताच विचारा किती जमेल. स्टे १२ जुलैच्या आत मिळाला तर अर्धी लढाई तिथेच संपते.

खराब मालाचा मुद्दा मात्र सोडा. ९(५)(अ) ला असा प्रतिदावा लागतो की जो डिक्रीच्या रकमेइतका किंवा जास्त आहे आणि मूळ दाव्यात कायद्याने मांडताच आला नसता. मालाची तक्रार लीव्ह टू डिफेन्डच्या शपथपत्रात मांडता येत होती. ती तिथे मांडून हरलात काय किंवा मांडलीच नाही काय, फळ तेच. उरलेली दोन कारणे कर्जनिवारण कायद्यांची, तुम्हाला लागू नाहीत.

नवा_काळाकोट: आभार. याच पक्षकारावर दुसऱ्या एका पुरवठादाराची नोटीसही आहे, ती लवादाच्या (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाच्या) निवाड्यावर.

लवादवाला: ती पडायला हवी. परमजीत सिंग पथेजा विरुद्ध आयसीडीएस, सर्वोच्च न्यायालय, २००६. प्रकरण मुंबई हायकोर्टातूनच गेले होते. निवाडा ‘डिक्रीसारखा’ अमलात आणायचा हे लवाद कायद्याच्या कलम ३६ चे गृहीतक फक्त अंमलबजावणीपुरते. १९०९ च्या कायद्याच्या कलम ९(२) ला न्यायालयाची डिक्री किंवा आदेश लागतो. नोटीस काढणे ही अंमलबजावणी नव्हे. हे कारण ९(५) च्या यादीत नाही म्हणून समोरचे आक्षेप घेतील. उत्तर एवढेच की इथे ९(२) चा पायाच नाही. कर्ज वसुली न्यायाधिकरणाच्या वसुली प्रमाणपत्राला मात्र हे लावू नका, त्या न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम १९(२२अ) घालून ते नादारीच्या कार्यवाहीपुरते डिक्री मानले आहे.

एक तपासा : पक्षकार कुठल्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन आहेत का? १ डिसेंबर २०१९ पासून अशा जामीनदारांना दिवाळखोरी संहितेचा भाग ३ लागू आहे. तिथे मागणी नोटीस १४ दिवसांची आणि मंच एनसीएलटी (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण).

ठाणे_बार: राहते घर ठाण्यात आहे का? मग अधिकारक्षेत्र बघा. मुंबईत धंदा चालतो म्हणून १९०९ चा कायदा लागतोच, पण धंदा बंद होऊन वर्ष उलटले असेल आणि मुंबईत घरही नसेल, तर जिल्हा न्यायालय आणि १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. तिथेही कलम ६ मध्ये १९७८ साली याच तरतुदी आल्या आहेत.