दाबाने शेपूट आखूड होत नाही
जास्त दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने जवसातलं तेल विरघळवून काढायच्या प्रयोगात दाब ३०० वरून ४०० बारवर नेला, तरी शेवटचं तेल निघायला तेवढाच वेळ का, असा प्रश्न आहे. वेळेनुसार किती तेल निघालं, याचा आलेख डोळ्यांपुढे आणा. सुरुवातीची सरळ रेघ म्हणजे दळताना फुटलेल्या पेशींतलं तेल. तिथे वेग विद्राव्यता, म्हणजे वायूत किती तेल विरघळतं ते, ठरवते, दाबाचा फायदाही मुख्यतः तिथेच. पुढची रेंगाळणारी शेपूट अखंड पेशींतल्या विसरणाची, म्हणजे तेल आतून हळूहळू झिरपत बाहेर येण्याची. अशा निष्कर्षणासाठीचं सोवोव्हा या संशोधिकेचं १९९४चं गणिती मॉडेल हे दोन साठे वेगळेच धरतं. विसरणाचा वेळ कणाच्या त्रिज्येच्या वर्गाने बदलतो, म्हणजे कण निम्मा केला की वेळ साधारण पाव. पण पीठ करू नका, थर दबतो आणि कार्बन डायऑक्साइड फटीतून निसटतो. आणि कृपा करून एकाच वक्रावरून मॉडेलचे चार-चार गुणांक काढू नका! रेघ झकास जुळते, अर्थ शून्य. त्यापेक्षा दोन आकारांचे कण घेऊन शेपटीचा वेळ बदलतो का ते बघा.