कार्बोरेटरची मारुती ८००: मिसिंग आणि काळा धूर, दोष इग्निशनचा की पेट्रोलचा?

प्रश्न – कृष्णाकाठ

माझ्याकडे १९९१ सालची, पॉइंट-कंडेन्सर (जुन्या पद्धतीचे इग्निशन) आणि कार्बोरेटर (हवा व पेट्रोलचे मिश्रण करणारा भाग) असलेली मारुती ८०० आहे. सकाळी थंड असताना ती पहिल्या स्टार्टला सुरू होते, परंतु इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला उभी असताना थरथरू लागते आणि पसरणी घाट चढताना दुसऱ्या गियरमध्येही झटके देते. सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काजळी साठते, पेट्रोलचा वास येतो आणि पूर्वी लिटरला १६ किलोमीटरच्या आसपास असलेले अॅव्हरेज आता ११ वर आले आहे. प्लग नवे टाकले आहेत, कार्बोरेटर साफ करून त्यात नवे किटही बसवले आहे. काल प्लग काढून पाहिले, तेव्हा तिन्हींवर काजळी होती, पण तिसऱ्या सिलेंडरचा प्लग पेट्रोलने ओला होता. आमचे मेकॅनिक संपूर्ण कार्बोरेटरच बदलायला सांगत आहेत. नव्या पेट्रोलमधील इथेनॉलमुळे असे होते, असेही एकांनी सांगितले. खर्च करण्यापूर्वी नेमका दोष कसा ओळखावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – डेल्को

आपल्या वर्णनावरून मला हे दोन स्वतंत्र दोष वाटतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे गाडी कोड्यात टाकते आहे. सायलेन्सरला पेट्रोलचा वास आला म्हणजे पेट्रोल जास्तच जात आहे, असे गृहीत धरण्याची आपल्याकडे सवय आहे. प्रत्यक्षात ठिणगी चुकलेल्या, म्हणजे मिसिंग होणाऱ्या, सिलेंडरमधले न जळलेले पेट्रोलही तसेच बाहेर येते आणि त्याचा वास अगदी तसाच असतो. हा फरक ओळखण्याचे सर्वांत स्वस्त साधन आपल्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेले असते, ते म्हणजे पीयूसीची पावती. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढलेला असेल, तर मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे. तो आकडा ठीक असून हायड्रोकार्बनचा आकडा मात्र हजारांत गेला असेल, तर कुठला तरी सिलेंडर पेटत नाही. आपल्या काळातील गाड्यांना आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) अनुक्रमे ३ टक्के आणि १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. गाडी पूर्ण गरम करून, मिसिंग चालू असतानाच तपासणी करून घ्या आणि केंद्रचालकाला 'पास करून द्या' असे न सांगता खरे आकडे मागा. 

तिन्ही प्लग काळे असण्याचे कारण तिन्हींना समाईक असणार, म्हणजे चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी पाकळी), फ्लोट (कार्बोरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) किंवा एअर फिल्टर. एकच प्लग ओला असण्याचे कारण मात्र त्या एकाच सिलेंडरपुरते असणार. कार्बोरेटर एकच असल्यामुळे तो एकट्या तिसऱ्या सिलेंडरला भिजवणार नाही.

उत्तर – घाटमाथा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. इथेनॉलबद्दल एक खुलासा करतो. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच कार्बोरेटरमधून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल गेले तर मिश्रण उलट पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होते आणि अशा वेळी प्लग पांढुरके दिसतात. म्हणजे काजळी हा इथेनॉलविरुद्धचा नव्हे, तर त्याच्या बाजूचा पुरावा झाला. अपवाद एवढाच, की जुने रबर त्याने फुगते किंवा झिजते. कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणाऱ्या निडल व्हॉल्व्हचे टोक नीट बसेनासे झाले किंवा पेट्रोल पंपाचा डायफ्राम (लवचीक पडदा) फाटला, तर इथेनॉल आडमार्गाने दोषी ठरू शकते. त्यासाठी डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्यावा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली असेल, तर गाडी चालवू नये; कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

घाटाचा मुद्दाही लक्षात घ्यावा. पसरणी घाटाच्या वरची पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे आणि तिथली हवा किनाऱ्याच्या मानाने साधारण १२ टक्के विरळ असते. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) मात्र ठरलेल्या आकाराचा असल्यामुळे वर गेल्यावर मिश्रण आपोआप दाट होते. खाली थोडीफार दाट चालणारी गाडी म्हणूनच वर जाऊन घुसमटते. प्लगचा रंग पाहायचा तर मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि गाडी बाजूला घेऊन लगेच प्लग काढावेत. तासभर आयडलिंगवर राहिलेल्या इंजिनाचे प्लग बहुधा काळेच दिसतात, त्यावरून जेट बदलू नये.

उत्तर – डेल्को

तिसऱ्या सिलेंडरसाठी पुढील क्रम पाळा. पहिल्या आणि तिसऱ्या सिलेंडरचे प्लग आपसांत बदला. ओलेपणा पहिल्याकडे गेला, तर नवा असूनही प्लग खराब आहे. तिसऱ्याकडेच राहिला, तर हाय टेन्शन वायर (प्लगला ठिणगीची वीज नेणारी) आणि डेल्कोची, म्हणजे ती वीज सिलेंडरना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी यांच्याकडे वळा. टोपीच्या आतील बाजूस पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का ते पाहा. ती असेल तर ठिणगी त्या वाटेने पळते. वायर मीटरवर तपासताना ती सरळ ठेवून न थांबता वाकवून, हलवून पाहा, कारण आतील कार्बनचा धागा तुटलेला असला तरी सरळ वायरमध्ये त्याची टोके एकमेकांना टेकलेली राहतात. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे, वायरी काढताना खूण करून ठेवा. 

चालू इंजिनाची वायर ओढून काढण्याचा उद्योग टाळा; झटका बसतोच, शिवाय कॉइलवरही ताण येतो. एवढे करूनही दोष राहिला तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधील दाब) तपासा: इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तिसऱ्याचा आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला, तर व्हॉल्व्हचे गॅप पाहावे लागतील आणि मग वायर किंवा कार्बोरेटर बदलून काहीच साधणार नाही.

कृष्णाकाठ

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइड ५.४ टक्के आणि हायड्रोकार्बन २३०० आले, म्हणजे दोन्ही आकडे मर्यादेबाहेर आहेत. ऑइलला वास नाही. प्लग आपसांत बदलल्यावरही तिसराच ओला राहिला. त्याची वायर सरळ असताना इतर दोघींइतकाच रोध दाखवत होती, परंतु टोपीजवळ वाकवताच मीटर कोरा झाला. एअर फिल्टरचे झाकण काढून पाहिले, तेव्हा गाडीच्या आतील चोकचे बटण पूर्ण दाबलेले असूनही चोकची पाकळी तिरपी राहिलेली होती. ती बोटाने उभी केल्यावर इंजिनाचा आवाज लगेच मोकळा झाला. केबलचा क्लॅम्प सरकलेला आहे. किट बसवताना तो नीट आवळला गेला नसावा, असे वाटते. वायरींचा संच आणि क्लॅम्प बदलल्यावर मिश्रणाचा स्क्रू हलवावा का?

उत्तर – घाटमाथा

आधी हलवू नका. क्लॅम्प बसवताना बटण दाबलेल्या स्थितीत पाकळी पूर्ण उभी राहते आणि बटण ओढल्यावर पूर्ण मिटते, हे दोन्ही पाहून मगच तो आवळा. मिश्रणाचा स्क्रू कुणीतरी दाटपणा भरून काढायला आत फिरवलेला असण्याची शक्यता आहे. तो सध्या कुठे आहे ते सावकाश बंद करताना फेरे मोजून लिहून ठेवा आणि पुन्हा तिथेच आणा. नव्या वायरींवर काजळी साफ केलेले प्लग लावून दोनेक दिवस गाडी चालवा, त्यानंतर पीयूसी केंद्रावर प्रोब सायलेन्सरमध्ये असतानाच स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. कार्बन मोनॉक्साइड दीड-दोन टक्क्यांवर आणि आयडलिंग स्थिर आले, की थांबा. तरीही आकडा खाली येत नसेल, तर फ्लोटची पातळी पाहावी. कार्बोरेटर बदलण्याचा विचार त्यानंतरचा.