कार्बीन लावलं की फॉस्फरस शांत? छे!

मूळ पोस्ट: "एनएचसी, म्हणजे नायट्रोजनच्या कड्यातलं कार्बीन (दोनच बंधांचा, इलेक्ट्रॉन देणारा कार्बन), जोडा, फॉस्फरसचा कॅटायन (धन आयन) बाटलीत भरा, विषय संपला."

आर्गॉनवाला: कुठे संपला? धन भार पुसला जात नाही, कार्बीनच्या (इमिडाझोलियमच्या) कड्यात पसरतो. रसायनज्ञ स्टीफनच्या गटाचं २०१४चं काम बघा. एसआयमेस हे एनएचसी लावलेल्या डायफेनिलफॉस्फीन कॅटायनचं झेनॉन डायफ्लुओराइडनं ऑक्सिडीकरण, मग ट्रायएथिलसिलिल कॅटायननं एक फ्लोराइड काढून घेतला. हाती आलं दोन धन भारांचं जबर लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनजोडी ओढून घेणारं संयुग). तिथे कार्बीन फॉस्फरसला चिडवतंय.

मूळ पोस्टकर्ता: ते पी-पाच, पाच संयुजेचा फॉस्फरस! मी पी-तीनबद्दल, तीन संयुजेच्या फॉस्फरसबद्दल बोलतोय. रसायनज्ञ वायगांडची पद्धत घ्या: दोन-स्थानी ट्रायमिथाइलसिलिल असलेला इमिडाझोलियम ट्रायफ्लेट (ट्रायफ्लेट हा त्यातला ऋण आयन), त्यात पीसीएल३ (फॉस्फरस ट्रायक्लोराइड). सुटणारं क्लोरोट्रायमिथाइलसिलेन ५७ अंशांना उकळतं, व्हॅक्यूमवर निघून जातं. उरतो कार्बीन लावलेल्या फॉस्फरसचा, दोन क्लोरीनवाला डायक्लोरो कॅटायन. मोकळं कार्बीन जादा पडलं तर ते क्लोरीन ओढून फॉस्फरसचं क्षपण करतं, म्हणून हा वळसा.

बाणविरोधी: आणि चित्रात सी–पी (कार्बन–फॉस्फरस) बंधावर, कार्बीननं इलेक्ट्रॉनजोडी दिली असं दाखवणारा बाण कशाला? हिमेल, क्रॉसिंग, श्नेप्फ या रसायनज्ञांनी २०१४मध्येच बजावलंय, बाण कमी काढा.

आर्गॉनवाला: फ्रेंकिंगनं त्याच वर्षी उलट उत्तर दिलंय, तेही वाचा. बाणानं फ्लास्कमध्ये काही बदलत नाही, अ‍ॅनायननं, म्हणजे सोबतच्या ऋण आयनानं, बदलतं. स्वस्त म्हणून पीएफ६ नि बीएफ४ हे फ्लोरीनवाले ऋण आयन वापरणारे अजून आहेत! तापट कॅटायन त्यातला फ्लोराइड हिसकावतो. ३१पी एनएमआरवर (फॉस्फरसच्या वर्णपटावर) पीएफ६चा −१४४ पीपीएमचा सेप्टेट (सात रेषांचा संकेत) खचला आणि पी–एफ बंधाचा हजारेक हर्ट्झचा डबलेट (दोन रेषांचा संकेत) उगवला, की बॅच गेली.

मूळ पोस्टकर्ता: म्हणून तर ट्रायफ्लेट.

आर्गॉनवाला: त्याचाही ऑक्सिजन फॉस्फरसला चिकटतो. खरा मोकळा कॅटायन हवा तर पर्फ्लुओरोआरिल बोरेट हा ऋण आयन.

मूळ पोस्टकर्ता: पैसे तुम्ही देणार? डायक्लोरो कॅटायनला ट्रायफ्लेट पुरतं.

आर्गॉनवाला: मग निदान टीएचएफ हे सॉल्व्हंट टाळा. तापट कॅटायन त्याचं कडं उघडतो, फ्लास्कभर गोंद. डायक्लोरोमीथेन चालेल, पण मोकळं कार्बीन उरलं नसेल तरच. सिलिल कॅटायनच्या पायरीला तर नकोच, तो त्यातलं क्लोराइड काढतो. ऑर्थो-डायफ्लुओरोबेंझीन बरं.

बाणविरोधी: बाणाचं उत्तर अजून आलं नाही.

मूळ पोस्टकर्ता: बरं साहेब, "विषय संपला" खोडतो. बाटली मात्र राहू द्या. ग्लव्हबॉक्समध्ये (कोरड्या, हवाबंद पेटीत) ठेवा, ओलावा लागला की पी–सीएल तुटतो, एचसीएल सुटतं. पुढे पी–एच (फॉस्फरस–हायड्रोजन) बंधाचा ५०० ते ७०० हर्ट्झचा डबलेट दिसला, तर अ‍ॅनायनला शिव्या देण्याआधी सॉल्व्हंट वाळवलं होतं का ते बघा.