जुन्या दगडी महाविद्यालयातील रॅम्प, उद्वाहन आणि अडलेले वर्ग

प्रश्न : इमारत समितीतील एक शिक्षक, कोल्हापूर

कोल्हापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि यंदा इमारत समितीचे काम माझ्याकडे आले आहे. आमची मूळ इमारत काळ्या दगडाची, दुमजली असून तिचे जोते जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे. तिच्या मागे नंतर बांधलेली तीन मजली आरसीसी इमारत आहे आणि दोन्ही इमारती वरच्या मजल्यावर एका बोळवजा मार्गिकेने जोडलेल्या आहेत. यंदा प्रथम वर्षाला व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी आणि पूर्ण अंध असलेला एक विद्यार्थी असे दोघेजण आले आहेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्यापूर्वी दर्शनी बाजूला रॅम्प व्हावा, अशी व्यवस्थापनाची इच्छा आहे आणि ठेकेदाराने जागेअभावी ५ मीटर लांबीच्या रॅम्पचे रेखाटन दिले आहे. मागून ढकलायला शिपाई आहेतच, तेव्हा थोडा चढ चालेल, असे त्याचे म्हणणे आहे. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असल्याने विद्यार्थिनीचे सर्व वर्ग तळमजल्यावर घ्यावेत, म्हणजे उद्वाहनाचा (लिफ्टचा) खर्च टळेल, असाही एक विचार पुढे आला आहे. इतक्या जुन्या इमारतीला कायदा लागू होतो का आणि मर्यादित निधीत सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : वकील, ताराबाई पार्क

कायदा लागू होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत शासकीय आणि खासगी अशा दोन्ही इमारती येतात आणि शैक्षणिक वापराच्या इमारतींचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. कलम १६ अन्वये मान्यताप्राप्त व अनुदानित शिक्षणसंस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक आहे. कलम ४५ ने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, त्यामुळे इमारत जुनी आहे एवढ्या सबबीवर आता फारसे निभावणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेसंबंधीचा नियम १५ (१) अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण त्यात किमान बंधनकारक मानके नव्हती, केवळ मार्गदर्शक सूचनांवर भिस्त ठेवलेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाची उच्च शिक्षणसंस्थांसाठीची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे २०२२ पासून उपलब्ध आहेत. समितीच्या इतिवृत्तात त्यांचा आधार नमूद करून ठेवावा, म्हणजे पुढे निधी मागताना उपयोग होईल.

उत्तर : निवृत्त स्थापत्य अभियंता, राजारामपुरी

ठेकेदाराचे रेखाटन नाकारावे. ९० सेंटिमीटर चढण्यासाठी ५ मीटर लांबी म्हणजे साधारण साडेपाचास एक असा चढ होतो; मानक बारास एक, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी, असे आहे. अशा चढावर व्हीलचेअर स्वतः वर नेणे बहुतेकांना अशक्य असते आणि उतरताना ती ताब्यात ठेवणे त्याहून अवघड असते. शिपाई ढकलतील या गृहीतकात तर रॅम्पचा हेतूच संपतो, कारण शिपाई रजेवर असेल त्या दिवशी विद्यार्थिनी दारातच थांबणार.

आपल्या जोत्याला १०.८ मीटर उतार लागेल, पण तो सरळ रेषेत असण्याची गरज नाही. ४५ सेंटिमीटर चढणारे, ५.४ मीटर लांबीचे दोन टप्पे एकमेकांना समांतर घ्यावेत आणि मध्ये वळणासाठी किमान १.५ मीटरचा सपाट ओटा ठेवावा. रॅम्पच्या पायथ्याशी आणि माथ्याशीही तेवढीच सपाट जागा हवी. रुंदी १.२ मीटरपेक्षा कमी नसावी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा असावा आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला छोटी कड उचललेली असावी. दर्शनी बाजूला एवढी जागा नसेल, तर रॅम्प बाजूच्या व्हरांड्याला लावावा; मात्र कचरा बाहेर नेण्याचे मागचे दार त्यासाठी निवडू नये.

पृष्ठभागाविषयी विशेष सांगतो, कारण आपल्याकडे हमखास चूक होते ती येथेच. उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो म्हणून रॅम्पला चकचकीत ग्रॅनाइट बसवतात आणि आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की त्यावर धडधाकट माणूससुद्धा पाय जपून टाकतो. खरखरीत फिनिशचा दगड किंवा झाडूने रेघा ओढलेले काँक्रीट स्वस्तही पडते आणि टिकतेही. वर पत्र्याचे का होईना, छप्पर घ्यावे. रॅम्पच्या पायथ्याशी दुचाकी लावल्या जाणार हे तर गृहीत धरूनच चालावे आणि तेथे आधीच लोखंडी अडथळे रोवावेत, ज्यांच्या मधून व्हीलचेअर जाईल एवढी, म्हणजे किमान ९० सेंटिमीटर, मोकळी जागा असेल. दुचाकी त्यातूनही शिरते, हे मला मान्य आहे; तेथे पहारेकऱ्याला पर्याय नाही.

उत्तर : माजी विद्यार्थिनी, व्हीलचेअर वापरणारी, शाहूपुरी

अभियंता सरांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु चर्चा रॅम्पवरच थांबू नये. फाटकापासून बाकापर्यंत, बाकापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि तेथून स्वच्छतागृहापर्यंतचा मार्ग सलग असेल, तरच इमारत वापरता आली असे म्हणता येते. माझ्या महाविद्यालयात रॅम्प उत्तम होता, पण वर्गाच्या दाराला पाच सेंटिमीटरचा दगडी उंबरा होता, त्यामुळे रोज कोणाला तरी हाक मारावी लागे. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप असे, किल्ली शिपाईमामांकडे असे आणि आत खराटे, फिनेलचे कॅन आणि मोडकी बाके रचलेली असत. दार आत उघडणारे होते. खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नसे, म्हणून बाहेर मैत्रीण उभी करावी लागे. अनेक मुली अशा वेळी दिवसभर पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट समितीच्या बैठकीत सहसा कोणी बोलत नाही. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, त्याची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी आणि आत १.५ मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे राहावे, म्हणजे खुर्ची वळते. निधी खरोखरच तोकडा असेल, तर माझ्या मते पहिला खर्च येथे करावा.

सर्व वर्ग तळमजल्यावर घेण्याच्या विचाराशी मी सहमत नाही. या वर्षापुरती तातडीची सोय म्हणून ते अवश्य करावे. उद्वाहन होईपर्यंत त्या मुलीचे शिक्षण अडू नये. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थिनीला प्रयोगशाळेऐवजी खाली टेबलावर एक उपकरण आणून देणे म्हणजे तिला वर्गमित्रांपासून वेगळे बसवणे होय, आणि अशी तात्पुरती सोय पुढे कायमची होऊन बसते. ग्रंथालय वर असेल, तर तिने पुस्तके नेहमी चिठ्ठी पाठवूनच मागवायची का?

अंध विद्यार्थ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगते. दगडी इमारतींच्या व्हरांड्यात खिडक्यांची तावदाने बाहेर उघडतात आणि ती नेमकी डोक्याच्या उंचीवर येतात. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, हवेत उघडलेले तावदान सांगत नाही. ती आत उघडणारी करून घ्यावीत किंवा भिंतीला टेकून अडकवण्याची सोय करावी; सुताराचे दोन दिवसांचे काम आहे. जमिनीवरच्या स्पर्शपट्ट्या बसवताना लांब उभ्या रेघांची फरशी दिशा दाखवते आणि ठिपक्यांची फरशी सावध करते, हे गवंड्याला समजावून सांगावे, अन्यथा तो नक्षी म्हणून कोठेही बसवतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी ओढावी. तिचा उपयोग अंशतः दिसणाऱ्यांना होतो आणि वयस्कर प्राध्यापकांनाही होतो.

नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये आपल्याच शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. कोल्हापुरात या विषयाचे अनुभवी लोक कमी नाहीत. आराखडा मंजूर करण्यापूर्वी व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला आणि आपल्या त्या दोन्ही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन संपूर्ण इमारत फिरावी.

प्रश्नकर्ते शिक्षक

सर्वांचा आभारी आहे. ताई, खिडक्यांची गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. स्वच्छतागृह आणि खिडक्या यांचा प्रस्ताव रॅम्पच्या आधी ठेवतो. उद्वाहनाबाबत एक अडचण आहे. दगडी भिंती फोडायला व्यवस्थापन तयार नाही आणि मागच्या इमारतीत उद्वाहन घेतले, तर जोडमार्गिकेत दोन इमारतींच्या पातळीत ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो, तेथे आज दोन पायऱ्या आहेत.

निवृत्त स्थापत्य अभियंता, राजारामपुरी

दगडी भिंतींना हात लावू नये. उद्वाहन मागच्या इमारतीच्या बाहेरील बाजूस, जिन्याला लागून, स्वतंत्र पायावर घ्यावे. ३५ सेंटिमीटरसाठी मार्गिकेत ४.२ मीटरचा आतील उतार लागेल. मार्गिकेची रुंदी पुरेशी असेल, तर पायऱ्या अर्ध्या रुंदीत ठेवून उरलेल्या १.२ मीटरमध्ये तो बसेल. नसेल, तर पायऱ्या काढून पूर्ण रुंदीचा उतार करावा. मार्गिकेची रुंदी, तिची लांबी आणि दोन्ही टोकांच्या दारांची मापे घेऊन येथे टाकावीत. दारे उताराच्या अगदी तोंडाशी येत असतील, तर त्यांपुढे सपाट जागा सोडावी लागेल आणि मग सगळा हिशेब बदलेल.