एमएस-डॉससाठी प्रोग्राम लिहायला सुरुवात कशी करावी?

प्रश्न:
मला लिनक्सवर सी भाषेत काम करण्याचा सराव आहे. आता हौस म्हणून एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीसाठी एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे, जो दिलेल्या मजकुराच्या फाइलमधील ओळी मोजून आकडा दाखवील. जुना संगणक माझ्याकडे नाही. सुरुवात असेंब्लीपासून (प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेपासून) करावी की थेट टर्बो सी हा जुना सी कंपायलर घ्यावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
जुन्या संगणकाची गरज नाही. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेली, एमएस-डॉसशी सुसंगत फ्रीडॉस ही प्रणाली व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) बसवावी. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्सही चालेल, पण तो मुळात खेळांसाठी केलेला आहे आणि त्यात डीबग (असेंब्लीच्या सूचना टाइप करून चालवून पाहण्याचा डॉसचा प्रोग्राम) मिळत नाही.

माझा आग्रह असेंब्लीचा, आणि तोही ‘कॉम’ फाइलचा, म्हणजे डॉसच्या सर्वांत साध्या प्रकारच्या प्रोग्राम-फाइलचा आहे. या फाइलला हेडर नसतो. डॉस ती जशीच्या तशी मेमरीत १०० या पत्त्यावर ठेवतो आणि तिथूनच चालवू लागतो (येथील पत्ते आणि फंक्शन व इंटरप्टचे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर आहेत). त्याआधीचे २५६ बाइट डॉसने स्वतः भरलेले असतात. त्यांतील ८० या पत्त्यावर कमांडपुढे टाइप केलेल्या मजकुराची लांबी आणि ८१ पासून तो मजकूर असतो, म्हणजे आपल्या फाइलचे नाव तिथेच सापडते. मात्र सुरुवातीची स्पेस ओलांडावी लागते आणि शेवटी असलेल्या एंटरच्या बाइटच्या जागी शून्य ठेवावे लागते, कारण फाइल उघडणाऱ्या फंक्शनला शून्याने संपणारे नाव हवे असते.

पहिला प्रयोग डीबगमध्येच करावा: एएच या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यात) ९, म्हणजे मजकूर दाखवणारे फंक्शन, डीएक्समध्ये मजकुराचा पत्ता, इंटरप्ट २१ (डॉसला काम सांगणारी सूचना), मग प्रोग्राम संपवण्यासाठी एएक्समध्ये ४सी०० आणि पुन्हा इंटरप्ट २१. या पाच सूचना बारा बाइटांत मावतात, त्यामुळे मजकूर १०सी या पत्त्यापासून ठेवता येतो. मजकुराच्या शेवटी डॉलरचे चिन्ह हवे. ही सीपी/एम या डॉसपूर्वीच्या प्रणालीकडून आलेली रीत आहे.

उत्तर २:
ज्यांना सी येते त्यांना असेंब्लीपासून सुरुवात करायला लावणे मला पटत नाही. ओपन वॉटकॉम हा कंपायलर आजच्या लिनक्सवर चालतो आणि १६-बिट डॉसचे प्रोग्राम तयार करतो. टर्बो सीचे आपल्याकडच्या कॉलेजांनी जरा जास्तच लाड केले, एवढेच म्हणतो. फक्त एक ध्यानात ठेवावे की येथे ‘इंट’ १६ बिटांचा असतो, त्यामुळे ३२,७६७ ओळींनंतर मोजणी बिघडते. त्यासाठी ‘लाँग’ वापरावा.

उत्तर ३:
असेंब्लीचा मार्ग धरल्यास ९ क्रमांकाच्या फंक्शनवर फार काळ विसंबू नये, कारण मजकुरात डॉलर आला की ते तिथेच थांबते. त्याऐवजी डॉस २.० पासून असलेले ४० हे फंक्शन वापरावे, ते बाइटांची संख्या घेऊन लिहिते. फाइल ३डी या फंक्शनने उघडावी, ३एफने वाचावी आणि प्रत्येक वेळी कॅरी फ्लॅग (काम फसल्याची खूण देणारा प्रोसेसरमधला बिट) तपासावा. तो तपासला नाही तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे: फाइल सापडली नाही की एएक्समध्ये २ हा त्रुटीचा क्रमांक येतो, प्रोग्राम त्यालाच फाइलचे हँडल (उघडलेल्या फाइलला डॉसने दिलेला क्रमांक) समजतो, आणि २ हे हँडल तर स्टँडर्ड एररचे, म्हणजे कन्सोलचे (पडदा व कीबोर्ड यांचे) असते. मग प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता कीबोर्डवरून ओळी येण्याची वाट पाहत बसतो.